पिळणीची जागा

यंत्र यायचं नक्की झालं तेव्हा दूध कारखान्यात ते सगळ्यांनाच हवं होतं, फक्त आपल्या शेजारी नको होतं. टाक्या, कॅन आणि फरशा धुऊन निघालेलं सांडपाणी मागच्या हौदांत साफ व्हायचं आणि तळाशी गाळ उरायचा. पातळ, करडा, आणि वास असा की नवीन माणूस त्या दिवशी जेवायचा नाही. आजवर तो टँकरमध्ये भरून लांब नेऊन टाकत. आता तो टाकून घ्यायला कुणी तयार होईना, म्हणून मालकीणबाईंनी गाळातलं पाणी पिळून त्याची कोरडी ढेप करणारं यंत्र मागवलं. त्याचं छापील नाव लांबलचक होतं. कामगारांनी ते कारखान्यात पोचायच्या आधीच त्याचं नाव पिळणी ठेवलं, आणि तेच पडलं.

पिळणी कुठं बसवायची हे ठरवायचं काम इंजिनिअरच्या गळ्यात आलं. हा इंजिनिअर कारखान्यात साहेब होता, पण भिंतीपलीकडच्या गल्लीत त्याला सगळे ‘ताईंचा धाकटा’ म्हणत. आपणही त्याला धाकटाच म्हणू. कारण या गोष्टीत त्यानं जे केलं ते साहेब म्हणून केलं नाही. साहेबाला ते जमलंही नसतं.

जागा शोधताना त्याची पुरती करमणूक झाली. शीतगृहाचा प्रमुख म्हणाला, “माझ्याकडे नको, लोण्याला वास लागेल.” हिशेबनीस म्हणाले, “माझ्याकडे नको, मला दमा आहे.” कालपर्यंत त्यांना दमा नव्हता. शेवटी दोन जागा उरल्या. एक कचेरीच्या बाजूचं मोकळं पटांगण. हौदांच्या जवळ, ढेप न्यायला येणारी गाडी वळायला ऐसपैस, आणि वारा तिथून उघड्या माळाकडे जाणारा. दुसरी पार टोकाला, कुंपणाच्या भिंतीलगतचा कोपरा. जमीन टणक, नजरेआड, सगळं ठीक. पण भिंतीच्या पलीकडे हातभर बोळ आणि बोळाला लागून घरांची अंगणं. त्यातलं पहिलंच अंगण ताईचं. त्या कोपऱ्यातून वारा कुठं जातो हे त्याला यंत्रानं मोजायची गरज नव्हती. तो त्याच अंगणात लहानाचा मोठा झाला होता. दोरीवरचे कपडे कुठल्या बाजूला उडतात हे त्यानं जन्मभर पाहिलं होतं.

म्हणजे जागा कुठली हे त्याला पहिल्या फेरीतच कळलं होतं. अडचण एवढीच होती की पटांगणावर मालकीणबाईंची खिडकी उघडायची.

“हे बघा, मी काही सांगत नाही,” मालकीणबाई म्हणाल्या. “जागा तुम्हीच ठरवायची. फक्त माझ्या खिडकीखाली नको. आणि गल्लीची हरकत यायला नको. मॅनेजरसाहेब आता निवृत्त व्हायचं म्हणतात. त्यांच्यानंतर ही असली कामं कोण निस्तरणार, तेही मला बघायचंय.”

काही न सांगता त्यांनी सगळं सांगितलं होतं. धाकट्याला ते नीट ऐकू आलं.

आता गल्लीचं सांगायला हवं. भिंत घातली तेव्हा मालकीणबाईंच्या वडिलांनी गल्लीला शब्द दिला होता की भिंतीलगत काही उभारायचं झालं तर आधी तुम्हाला विचारीन. तो शब्द अजून पाळला जात होता. आणि गल्लीला विचारायचं म्हणजे ताईला विचारायचं. ताई काही गल्लीची पुढारी नव्हती, ती पाळणाघर चालवायची. पण तिचं नाक सगळ्या गल्लीत मानलेलं होतं. दूध संध्याकाळपर्यंत टिकेल की नासेल हे ती वास घेऊन सांगायची, आणि बायका पातेली घेऊन तिच्या दाराशी यायच्या. शेजारच्या घड्याळकाकांच्या दुकानात तार जळत होती तेव्हा त्यांच्या आधी ती धावत गेली होती. पाळण्यातल्या कुठल्या पोराचा लंगोट बदलायचाय हे तिला स्वयंपाकघरातून कळायचं. धाकट्यानं कॉलेजात असताना पहिली सिगारेट ओढली आणि वर मूठभर बडीशेप चघळून घरी आला, तर तिनं दारातच विचारलं होतं, “बडीशेप कशाला खाल्लीस ते आधी सांग.”

आई गेली तेव्हा तो शाळेतही जात नव्हता. ताईनंच त्याला वाढवलं. लोकांची पोरं सांभाळून तिनं त्याला इंजिनिअर केलं, आणि हे ती कधी बोलून दाखवायची नाही, त्यामुळे त्याला ते जास्तच आठवायचं.

कोपऱ्याच्या जागेला हरकत घ्यायची तर ती पहिली ताईच घेणार, म्हणून तो एका दुपारी तिच्याकडे गेला. पोरं बाहेरच्या खोलीत सतरंजीवर झोपली होती. ताई स्वयंपाकघरात पाटावर बसून एका पोराच्या सदऱ्याला बटण लावत होती आणि पोरांच्या नकला करून दाखवत होती. तोही हसत होता. हसता हसता त्याला जळकट वास आला. त्यानं पाहिलं तर शेगडीवर, ताईच्या पाठीशी, दूध आटून पातेल्याला लागलं होतं. धूर नव्हता, पण वास इतका की डोळ्यात पाणी यावं. ताई बोलतच होती.

“ताई, दूध!”

“अगं बाई!” तिनं उठून शेगडी बंद केली. “बोलण्याच्या नादात लक्षच नाही राहिलं बघ.”

तिनं पातेलं जवळ घेतलं, आत पाहिलं, बोटानं खरवडलं. आणि मग जे केलं ते धाकटा पुढं कधी विसरला नाही. वरचं थोडं दूध तिनं वाटीत काढलं आणि म्हणाली, “एवढं चांगलंय, पोरांना होईल.” त्या दुधाला करपट वास येत होता. ताईनं ते पोरांना दिलं असतं! त्यानं वाटी घेऊन मोरीत ओतली, आणि काहीतरी बोलून विषय बदलला.

बाहेर येताना त्यानं मुद्दाम एका पाळण्यापाशी थांबून पाहिलं. पोरानं केव्हाच घाण केली होती. ताई शेजारून गेली आणि तिला पत्ताही लागला नाही.

त्याला कळलं. ताईचं नाक गेलं होतं. आणि ताईला ते माहीत नव्हतं. डोळे अधू झाले तर माणूस ठेचकाळतो, कान गेले तर लोक ओरडून सांगतात. नाकाचं तसं नसतं. वास आला नाही म्हणजे तिच्या मते वास नव्हताच.

खरं तर तिथंच परत फिरून सांगायचं, की ताई, तुला वास येत नाहीये, उद्या डॉक्टरकडे जाऊ. त्याचे पाय दारात अडखळलेसुद्धा. पण तेवढ्यात एक पोर रडत उठलं, ताई त्याच्याकडे वळली, आणि तो ‘येतो गं’ म्हणून बाहेर पडला. बोळातून जाताना भिंतीकडे पाहून त्याच्या मनात जे आलं, त्याची त्याला त्याच क्षणी लाज वाटली. पण लाज वाटली म्हणून ते मनातून गेलं नाही.

पुढच्याच आठवड्यात त्यानं गल्लीला निरोप धाडला. चाकांच्या गाड्यावर बसवलेलं चाचणीचं यंत्र आणून दिवसभर कोपऱ्यात चालवू, तुम्ही सगळे या, वास घ्या, आणि मगच हो म्हणा. इतका सरळ कारभार पाहून गल्ली खूश झाली. सगळे जमले ताईच्याच अंगणात, कारण भिंतीला तेच जवळचं, आणि चहाही तिथंच मिळायचा.

यंत्र घरघरायला लागलं. दिवस थंड होता, वारा पडलेला होता. दिवसही धाकट्यानंच निवडलेला. लोक माना वर करून हुंगायला लागले. एरवी शिष्ट असणारी माणसं अशी नाकं फेंदारून उभी राहिलेली पाहून पोरं खिदळायला लागली.

“काहीतरी येतंय बुवा,” घड्याळकाका म्हणाले. “ओल्या पोत्यासारखं. जरासं, पण येतंय.”

“मलाही वाटलं,” एक बाई म्हणाली.

सगळ्यांनी ताईकडे पाहिलं. ताई पायरीवर कडेवर पोर घेऊन उभी होती. तिनं डोळे मिटून दोनदा लांब श्वास घेतला. धाकटा तिच्याकडे बघत नव्हता, तो आपल्या बुटांकडे बघत होता.

“मला तर काहीच येत नाही,” ताई म्हणाली. “काका, तुमच्या स्वेटरचा असेल. धुतलाय का या वर्षी?”

अंगणात हशा पिकला. काकासुद्धा हसले, स्वेटर हुंगून आणखी हसले. “ताईंच्या नाकाला आला नाही म्हणजे विषयच मिटला,” ते म्हणाले. ज्या बाईला वास आल्यासारखं वाटलं होतं, तिलाही मग तो आला नाही. माणसं स्वतःच्या नाकापेक्षा ताईच्या नाकावर विश्वास ठेवत होती, आणि हे धाकट्याला पक्कं ठाऊक होतं. त्यावरच तर त्याची सगळी मांडणी उभी होती. लोकांनी हो म्हटलं. जाताना ताईनं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि हळूच म्हणाली, “सोन्या, सगळ्यांना विचारून केलंस, बरं वाटलं. आईला अभिमान वाटला असता.” त्यानं मान हलवली.

पिळणी बसली. मालकीणबाईंनी खिडकी सताड उघडी ठेवून त्याचं कौतुक केलं. मॅनेजरसाहेब त्याला आपल्या खोलीत बसवून काम समजावून द्यायला लागले.

मग ऊन तापलं आणि वारा सुटला. वास भिंत ओलांडून बोळात उतरला, बोळातून अंगणात, अंगणातून घरात. सकाळी उघडलेल्या खिडक्या लोक दुपारी धाडधाड बंद करायला लागले. वाळत घातलेल्या चादरी पुन्हा धुवाव्या लागायच्या. माश्या झाल्या. आणि ताई सगळ्यांना मनापासून सांगायची, “अहो, कुठाय वास? मी तर त्या भिंतीला खेटून राहते.” सुरुवातीला लोक गोंधळले. नंतर चिडले. कुणीतरी म्हणालं, भाऊ मोठा होतोय ना, बहीण नाक धरून बसणारच. हे ताईच्या कानावर गेलं आणि ती गल्लीशी जन्मात पहिल्यांदा भांडली.

पाळणाघरातली पोरं कमी व्हायला लागली. कुणी म्हणालं आता आजी आलीये, कुणी म्हणालं मावशीकडे ठेवतो. खरं कारण कुणी तिच्या तोंडावर सांगेना. रिकामे पाळणे ताईनं भिंतीशी उभे करून ठेवले. ज्यांच्या आईबापांना दुसरी सोय नव्हती, तेवढीच पोरं उरली.

धाकट्याचं तिच्याकडे जाणं बंद झालं. कामाचा डोंगर आहे, असं फोनवर सांगायचा. जेवायला बसला की करपलेल्या दुधाची वाटी त्याच्या डोळ्यापुढं यायची आणि तो ताट सारून उठायचा. बायकोनं विचारलं, काय होतंय? तो म्हणाला, ऍसिडिटी. रोज सकाळी तो ठरवायचा, आज ताईला डॉक्टरकडे नेतो. आणि रोज त्याच्या लक्षात यायचं की डॉक्टरनं नाक गेलंय असं सांगितलं की गल्ली पुढचा प्रश्न चाचणीच्या दिवसाबद्दल विचारील. मॅनेजरपदाचं पत्र एकदा हातात पडू दे, मग नेऊ. आपल्या बहिणीचा इलाज आपण एका पत्रासाठी अडवून धरलाय, हे त्याला स्पष्ट दिसत होतं. दिसत असूनही तो कारखान्यात जायचा.

एका दुपारी घड्याळकाकांचा फोन आला. “ताबडतोब ये,” एवढंच म्हणाले.

तो भिंतीला वळसा घालून धावत गेला तेव्हा पोरं अंगणात उघड्यावर होती. काकांनी एक कडेवर घेतलं होतं. घराची दारं-खिडक्या सताड उघडी होती. त्या दिवशी एका पोराची आई, ती दवाखान्यात नर्स होती, लवकर सुटून आली होती. दारातच तिला गॅसचा वास आला. चहा झाल्यावर शेगडीचं बटण अर्धवट राहिलं होतं, आणि भिंतीकडच्या वासाला कंटाळलेल्या शेजाऱ्यांनी खिडक्या लावलेल्या, म्हणून कुणालाच कळलं नव्हतं. पोरं आतल्या खोलीत झोपली होती. ताई त्यांच्याशेजारी बसून वारा घालत होती. दिवा लावायची वेळ झाली नव्हती, एवढंच नशीब.

नर्सनं ताईला हाताला धरून त्याच दिवशी डॉक्टरकडे नेलं. धाकटाही गेला. डॉक्टरांनी तिच्या नाकाशी एकेक बाटली धरली. ताई प्रत्येक वेळी ‘पाणी’ म्हणाली. शेवटची बाटली उघडल्यावर धाकट्याला कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसूनही ठसका लागला.

“वेळेत आला असता तर बरंच परत आणता आलं असतं,” डॉक्टर म्हणाले. “आता औषध देतो, पण भरवसा देत नाही. कधीपासून आहे हे?”

“काय सांगू,” ताई म्हणाली. “मला तर आत्ता तुमच्याकडूनच कळतंय.”

रविवारी गल्ली ताईच्या अंगणात जमली. कुणी बोलावलं नव्हतं, पण सगळ्यांच्या डोक्यात एकच हिशेब जुळला होता की तिला वास येत नव्हता आणि आपण तिच्या शब्दावर हो म्हटलं. धाकटा आला तेव्हा ताई स्वयंपाकघरात तोंड धुऊन पदरानं पुसत होती. रडल्याचं दिसत होतं. त्याला पाहून ती पुढं आली आणि त्याचे दोन्ही हात धरले.

“सोन्या, माझ्यामुळे तुझ्यावर बालंट आलं रे. तू माझ्यावर विसंबलास आणि मी ठाम सांगितलं, वास नाही म्हणून. आता मी बाहेर जाते आणि सांगते सगळ्यांना, माझ्या भावाचा यात काही दोष नाही. तोही माझ्यामुळेच फसला. तू काही बोलू नकोस.”

“ताई…”

“नाही, तू गप्प राहा. तुझी बढती व्हायचीये.”

ती बाहेर गेलीच. पायरीवर उभी राहून हात जोडले. धाकटा दारात तिच्या मागं उभा होता. ती अर्धं वाक्य बोलली असेल. ज्या माणसांची दुधाची पातेली तिनं वर्षानुवर्षं हुंगली, त्यांच्यापुढं ती मान खाली घालून माफी मागत होती, आणि ती माफी त्याची होती. आजवर तिच्याकडून त्यानं काय काय घेतलं होतं! हेही घेतलं तर पुन्हा तिच्या घरात पाय ठेवता येणार नाही, हे त्याला उमगलं. तो दारातून पुढं पायरीवर आला.

“तिचं काही चुकलं नाही,” तो म्हणाला. “मला माहीत होतं. तिला वास येत नाही हे मला माहीत होतं. म्हणून तर मी चाचणी तिच्या अंगणात घेतली. खरी जागा कचेरीशेजारी होती, ती मी सोडली. पिळणी उद्यापासून बंद करतो. मालकीणबाईंना मी स्वतः सांगेन. ती इथून हलेल, मी कारखान्यात राहो न राहो.”

धाकटा बोलत राहिला. दिवस थंड कसा निवडला, वारा पडायची वाट कशी पाहिली, सगळं सांगून टाकलं, आणि एवढं सांगितल्यावर छातीवरचं ओझं उतरेल असं त्याला वाटलं होतं. मग तो ताईकडे वळला. “माफ कर ताई. पिळणीच्या बाबतीत मी तुला वापरलं.”

ताई त्याच्याकडे बघत होती. पिळणी, जागा, मालकीणबाई, यातलं काही तिच्या कानात शिरलेलं दिसत नव्हतं.

“तुला कळलं तेव्हा मला कळलं नव्हतं,” ती सावकाश म्हणाली.

“नव्हतं.”

नर्स गर्दीतून पुढं आली आणि तिनं ताईच्या पायाशी खेळणारं आपलं पोर उचलून घेतलं. ताईची नजर त्या पोरावर गेली, तिथंच थांबली, आणि मग पुन्हा भावावर आली.

“माझं नाक गेलंय हे तुला माहीत होतं,” ती म्हणाली, “आणि तू ही पोरं माझ्याजवळ, त्या शेगडीजवळ, रोज झोपू दिलीस?”

मग ती वळली, आत जाऊन गॅसची नळी काढून सिलिंडर दोन्ही हातांनी ओढत अंगणात घेऊन आली, आणि तो पुढं झाला तेव्हा म्हणाली, “तू नको हात लावूस.”